चांदणी दारात उभी राहते

दीपिकाला आवरायची खोड लहानपणापासूनच. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात ती वाढली. आज या रानात मांडलेला संसार उद्या उचलून दुसऱ्या रानात न्यायचा, त्यामुळं कोणतं भांडं कोणत्या गाठोड्यात आणि कोणतं गाठोडं कोणत्या घोड्यावर हे डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. पुढं लग्न होऊन ती पाथरीला आली. मल्हारनं, तिच्या नवऱ्यानं, शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायला टेम्पो घेतला. तिनं स्टँडमागच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानात काम धरलं. खोड काही गेली नाही. दुकानातल्या सगळ्या बाटल्यांची तोंडं एका बाजूला असायची, आणि मालकानं एखादी उलटी ठेवली तर ती काही न बोलता सरळ करायची.

दुपारी गिऱ्हाईक नसे. उन्हानं रस्ता ओस पडला की ती मोबाइल काउंटरवर टेकवून ‘दावण’ उघडून बसायची.

‘दावण’ ही परभणीच्या डॉक्टर कुरेशींनी काढलेली साइट. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले तरी त्यांना लोकांचे फोन थांबेनात, आणि प्रश्न तरी तेच ते. शेळी फुगली, काय करू? म्हैस व्याली पण वार पडेना. मग त्यांनी भाच्याला हाताशी धरून अशी जागा तयार केली की एकानं विचारावं, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगावं, आणि ते सगळ्यांना दिसावं. लिहिता येत नसेल त्यानं बोलावं. बोललेलं आपोआप लिहून निघे आणि खाली त्याचा आवाजही राही. वाचता येत नसेल त्यानं ‘ऐका’ असं लिहिलेल्या कानाच्या चित्रावर बोट ठेवावं. बघता बघता चारी बाजूंची माणसं तिथं गोळा झाली. दीपिकाची उत्तरं थोडक्यात आणि नेमकी असत, म्हणून डॉक्टरांनी तिला देखरेख करणाऱ्यांत घेतलं. पगार काही नव्हता. पण “दीपिकाताईंनी सांगितलं” असं कुणी लिहिलं की तिला बरं वाटे.

प्रत्येक प्रश्नाला विचारणाऱ्यानं एखादा टॅग लावायचा, म्हणजे विषयाचा एक शब्द. त्या शब्दावर बोट ठेवलं की त्या विषयाचं सगळं एका जागी निघावं. हेतू चांगला होता, पण ज्याच्या त्याच्या मनाला येईल तो शब्द. शेळी, शेळ्या, शेळि, बकरी, बकऱ्या, शेरडं. पोटफुगी, पोट फुगलं, फुगणं. शिवाय मदत, अर्जंट, प्रश्न, साहेब. एकानं तर ‘नमस्कार’ हाच टॅग केला होता.

“टॅगांचा उकिरडा झालाय, बेटा,” डॉक्टर फोनवर म्हणाले. “एकाच गोष्टीची दहा नावं. कुणाला काय सापडणार? तूच कर साफ. दुसऱ्या कुणाला दम निघायचा नाही.”

दीपिकाला हे म्हणजे आवडीचं काम सापडलं. रोज दुपारी ती चार-दोन टॅग एकात घालायची. बकरी शेळीत गेली, शेरडंही शेळीत गेली. ‘अर्जंट’ पुसून टाकला, कारण जनावर आजारी पडलं की सगळ्यांचंच अर्जंट असतं. चैत्र संपत आला तेव्हा यादी अर्ध्यावर आली होती, आणि त्या सुमारास तिला ‘चांदणी’ हा टॅग दिसला.

आधी तिला वाटलं, एखादा रोग असेल. उघडून पाहिलं तर वालूरच्या सुकेशनी नावाच्या एकाच बाईचे प्रश्न. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तिची उस्मानाबादी शेळी, तिचं नाव चांदणी. चांदणीला सर्दी झाली. चांदणी बाभळीच्या शेंगा जास्त खाते, चालतं का? चांदणीला दोन पिल्लं झाली, पण ती एकालाच पाजते. शेळ्यांच्या नावानं टॅग पडायला लागले तर काय व्हायचं, असं म्हणून दीपिकानं ‘चांदणी’ शेळीत घातली आणि पुढच्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी ‘चांदणी’ परत होती.

दीपिकानं पुन्हा शेळीत घातली. ती पुन्हा आली. चूक आपलीच झाली असेल म्हणून तिसऱ्यांदा तिनं टॅग मुळातूनच पुसला. त्या दुपारी दुकानात ती एकटी होती. बाहेर टळटळीत ऊन, समोरच्या हॉटेलातला माणूस बाकड्यावर आडवा झालेला. तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावर सुकेशनीच्या एका जुन्या प्रश्नाखाली ‘चांदणी’ हा शब्द उगवला. थोड्या वेळानं त्याच्या खालच्या प्रश्नाला. मग आणखी खालच्या. कुणीतरी एकेका प्रश्नाशी थांबत, सावकाश, सगळ्यांच्या कपाळाला तो शब्द परत लावत चाललं होतं.

तिनं सुकेशनीला निरोप लिहिला. “ताई, एका शेळीच्या नावाचा टॅग ठेवता येत नाही. ‘शेळी’ हा टॅग वापरा, त्यात सगळं सापडतं.” उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी त्याच नावानं नवा प्रश्न मात्र आला.

“चांदणी दुपारची दारात येऊन उभी ऱ्हाती. आत येत न्हाई. हाक मारली की मान फिरवती. काय करावं?”

खाली टॅग, चांदणी.

राग आला तरी प्रश्नाला उत्तर द्यायचं, हा दीपिकाचा नेम. तिनं लिहिलं, “शेळी कशाला तरी बुजली असेल. ओढून आत आणू नका, दावं लावू नका. उंबऱ्यात थोडा गूळ आणि पाणी ठेवा. तिच्याकडं पाठ करून गप बसा. तोंड समोर असलं की जनावर दबतं, पाठ दिसली की आपणहून जवळ येतं.” डॉक्टरांनीही खाली एक ओळ टाकली, “दार बंद करू नका. आत उजेड ठेवा.” परतूरकडच्या एका मेंढपाळानं लिहिलं, “तिच्या सवयीचं कायबी घरात बदलू नका.” प्रश्न सुटल्यासारखा झाला.

त्या आठवड्यात वालूरची सुलाबाई जंताचं औषध न्यायला दुकानात आली. तिची कोकरं दर हंगामाला खंगायची, म्हणून दीपिकाशी तिची ओळख होती. पिशवी हातात देता देता दीपिकानं विचारलं, “मावशी, तुमच्या गावात सुकेशनी म्हणून कोण हाय? शेळ्या राखते बघा. लय हट्टी दिसते बाई.”

सुलाबाईनं पिशवी काउंटरवर परत ठेवली.

“सुकेशनी? बायनाबाईची? ती तर गेली की गं माय.”

“कुठं गेली?”

“वारली. परसालच्या आदल्या उन्हाळ्यात. वळवाचं आभाळ आलं, ही शेळ्या घेऊन रानात. लिंबाखाली थांबली अन् ईज पडली. ती बी गेली अन् बगलंला उभी असलेली शेळी बी गेली. लाडाची शेळी व्हती, कपाळाला चांद व्हता. बाकीची शेरडं आपली आपणच घरला आली, तवा कळलं.”

सुलाबाई निघून गेली. दीपिका स्टुलावर बसून राहिली. शेळी मेलेली, बाई मेलेली, आणि त्या बाईच्या नावानं त्या शेळीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला आपण चार दिवसांपूर्वी उत्तर दिलं. गूळ ठेवा म्हणून सांगितलं. पाठ करून बसा म्हणून सांगितलं.  उन्हाच्या झळा दुकानात येत होत्या, तरी तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

मोबाइल वाजला. ‘दावण’वर नवा प्रश्न.

“तुमी सांगितलं तसं केलं. काल चांदणी उंबऱ्याच्या आत आली. पर गुळाला तोंड लावलं न्हाई. उपाशी ऱ्हाती का काय?”

प्रश्नाखाली आवाज ऐकायचं चिन्ह होतं. त्यावर बोट ठेवलं असतं तर विचारणारीचा आवाज कानावर पडला असता. दीपिकाचं बोट पडद्यापर्यंत गेलं आणि थांबलं. त्या रिकाम्या दुकानात तो आवाज ऐकायची तिची हिंमत झाली नाही. मोबाइल तिनं पालथा घातला. संध्याकाळपर्यंत ती दाराकडं तोंड करून बसली. पाठीशी दार आलेलं तिला चालेना.

घरी मल्हार जेवायला बसला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्यानं हात धुतला आणि म्हणाला, “आण इकडं. दोघं मिळून ऐकू.”

आधी त्यांनी सुकेशनीचा एक जुना प्रश्न लावला. तरुण पोरीचा खणखणीत आवाज, मागं घुंगरांचा नाद, मधेच “हाड्, हाड्, खाली उतर गं” असं शेळीला रागावणं, आणि हसू आवरत विचारलेला प्रश्न. मग मल्हारनं आजचा लावला. बराच वेळ नुसता वारा. मग एक थकलेला, हळू आवाज, प्रत्येक शब्द मोजून ठेवल्यासारखा.

“ही म्हातारी हाय कुणीतरी,” मल्हार म्हणाला. “भूत असतं तर पोरीच्या आवाजात बोललं असतं.”

“मग शेळी कोणती येते दारात?”

 मल्हारनं सुकेशनीच्या खात्यावरचा नंबर लावला तर इनकमिंग बंद. मल्हार म्हणाला, “शुक्रवारी मला सेलूकडं जायचंच हाय. बस टेम्पोत. वालूर काय लांब न्हाई.”

वालुरात बायनाबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, दाराच्या आत भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी कपाळावर बट आलेल्या एका पोरीचा. मल्हारनं टेम्पो पाराजवळ लावला आणि तो तिथंच थांबला. दीपिका एकटी गेली. बायनाबाई तुरीच्या काड्या मोडत बसली होती. किडकिडीत बाई, पांढरं पातळ, डोळे मात्र तरतरीत.

“जय भीम, मावशी. मी पाथरीहून आले. दीपिका.”

“‘दावण’वरली दीपिकाताई?” बायनाबाईच्या हातातली काडी खाली पडली. “ये माय, ये. बस. तू ते सांगितलं व्हतंस न्हवं, पाठ करून बसा म्हणून?”

दीपिकानं मान हलवली. तिच्या मागोमाग ती आत जाऊन बसली. बायनाबाईनं पाणी दिलं, चहा ठेवला, आणि चूल फुंकता फुंकता स्वतःच बोलायला लागली. जणू कुणीतरी विचारायला येईल म्हणून ती वाटच बघत होती.

“ह्यो मोबाइल माझ्या लेकीचा. त्या दिशी घरीच ऱ्हायला व्हता. लेकानं मागनं त्यात दुसरं कारड घातलं. म्या अडाणी बाई, मला काय कळतंय त्यातलं. तिनंच शिकवलं. हितं दाबायचं अन् बोलायचं, हितं दाबायचं अन् ऐकायचं. ती गेल्यावर म्या दिसभर ऐकत बसायची. ‘चांदणी’ ह्या शब्दावर बोट ठेवलं की तिचं समदं बोलणं निघायचं, एका खाली एक. शब्द वाचता येत न्हाई मला, पर त्याचं चित्तर वळखीचं झालं. मंग एक दिस ते चित्तरच गेलं. बोट ठिवावं तर कुणाकुणाच्या शेळ्या, कुणाकुणाची बोलणी. हज्जार माणसांत माझी लेक हरवली. लय हुडकली. एकेक सापडली की तिच्याजवळ ‘चांदणी’ म्हणायची, की यायचं चित्तर परत. दुसऱ्या दिशी पुन्ना जायचं. कोण पुसायलंय, कामून पुसायलंय, कळंना.”

“मी पुसत होते, मावशी,” दीपिका म्हणाली. “मला ठाऊक नव्हतं.”

“तुला कसं ठाऊक असंल, बाई?” एवढंच म्हणून बायनाबाईनं कपात चहा ओतला.

दीपिकानं कप हातात धरला, पण पिववेना. जे विचारायला आली होती ते अजून विचारायचं राहिलंच होतं. शेवटी तिनं धीर केला.

“मावशी, शेळी तर सुकेशनीबरोबरच गेली ना? मग दारात उभी राहते ती कोण?”

बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. न लपवता, न घाबरता सांगितलं.

“लेक हाय माझी.”

बाहेर कुठं तरी ट्रॅक्टर चालला होता, तोही थांबला.

“पहिल्यांदा चैताच्या सुरवातीला आली. दुपारची. त्याच यळंला ती शेळ्या घेऊन पाणी पाजायला यायची. दारात उभी. आत येईना, बोलंना. म्या हाक मारली तर मान फिरवली. म्या धम्मपालला सांगितलं, माझ्या लेकाला, परभणीला गॅरेजात असतो तो. तो रागावला. ‘आई, हे आपल्यात मानायचं नसतं. भूतबित काय न्हाई. तू एकली ऱ्हातीस म्हणून मनाचे खेळ हायत.’ म्या म्हणलं, बाबा, म्या भूत म्हणलं का? शेजारणीला सांगितलं तर ती म्हणली देवऋषी बघ, लिंबू उतर, दाराला खिळा ठोक. माझ्या लेकीला म्या खिळा ठोकू? मंग कुणाला इचारावं?” तिनं मोबाइल पदरानं पुसला. “माणसाचं इचारलं की कुणी येडी म्हणतंय, कुणी देवऋष्याकडं धाडतंय. शेळीचं इचारलं की माणसं सरळ सांगतेत. दार लावू नका. उजेड ठेवा. घरात कायबी बदलू नका. पाठ करून बसा. ह्यातलं काय वाईट हाय? म्या समदं केलं. अन् ती आत आली.”

 उंबऱ्याशी दीपिकानं आता पाहिलं. पितळेच्या वाटीत गुळाचा खडा होता, शेजारी पाण्याचा तांब्या. आपल्याच शब्दांनी मांडलेलं ते सगळं बघून तिला ओरडावंसं वाटलं, आणि उठून पळावंसंही.

“यळ झाली बग,” बायनाबाई म्हणाली. “बस अशी. माझ्यासारखी.”

तिनं दाराकडं पाठ केली आणि मांडी घातली. दीपिकाला उठून मल्हारकडं जायचं होतं, पण जायचं तर त्या दारातूनच जावं लागलं असतं. तीही भिंतीकडं तोंड करून बसली. समोर सुकेशनीचा फोटो होता. त्याच्या पलीकडं, मधलं दार उघडं असल्यानं, मागच्या पडवीत बांधलेल्या शेळ्या दिसत होत्या, चांदणीची पिल्लं, आता वाढलेली. दुपारच्या सुस्तीनं त्या खाली बसून रवंथ करत होत्या.

किती वेळ गेला कळलं नाही. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मग पडवीतली एक शेळी रवंथ करायची थांबली. तिनं मान उचलली. दुसरीनं उचलली. दोघी उठून उभ्या राहिल्या आणि घरातून आरपार, दीपिकाच्या खांद्यावरून, पुढच्या दाराकडं बघायला लागल्या. दाव्याला ओढ लागली. मग त्यांनी एकदम, दोघींनी मिळून, असा आवाज काढला जसा शेळ्या चारणारीला बघून काढतात. बुजल्या नव्हत्या. मेंढरांत वाढलेल्या दीपिकाला बुजलेलं जनावर ओळखू येत होतं. ह्या दोघी ओळखीच्या माणसाला बोलवत होत्या.

मागून गार झुळूक आली. पायरव नव्हता. वळून बघायची दीपिकाची छाती झाली नाही. बायनाबाई मात्र भिंतीकडं बघत रोजच्यासारखी बोलत होती. तुरीच्या काड्या सरल्या, पत्रा एक ठिकाणी गळतो, धम्मपालला पोरगी झाली, नाव साक्षी ठेवलं. शेळ्या हळूहळू शांत झाल्या. एक खाली बसली, मग दुसरी.

“गेली,” बायनाबाई म्हणाली आणि उठली. “आता पी चहा. गार झाला असंल.”

  टेम्पो निघाला. सेलू मागं पडल्यावर दीपिका म्हणाली, “मल्हार, तो टॅग पुसायचा नाही.”

घरी येऊन तिनं डॉक्टरांना फोन केला. जे झालं ते सांगितलं, शेळ्यांचंसुद्धा. डॉक्टर जनावरांच्या बाबतीत कुणाचं ऐकणारे नव्हते, पण शेळ्या कशा उठल्या, कशा ओरडल्या, ते त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

“कायदा काय म्हणतो?” शेवटी ते म्हणाले. “मेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं. एका शेळीचा टॅग ठेवायचा नाही. कायदा मीच केलाय.” मग घसा साफ करून म्हणाले, “राहू दे, बेटा. दोन्ही राहू दे. मी पण दार उघडं ठेवा म्हणून लिहिलंच होतं की.”

दीपिकानं सुकेशनीच्या एकेका प्रश्नाला ‘चांदणी’ परत लावली आणि कुणालाही तो टॅग पुसता येणार नाही अशी तजवीज करून ठेवली. त्यानंतर बाकीच्या टॅगांचं काम तिला तसं जमेना. दोन शब्द एकात घालायचे म्हटलं की तिचा हात थबकायचा. ‘पोटफुगी’ आणि ‘पोट फुगलं’ एकच आहे हे कळत असूनही ती आधी उघडून बघायची, कुणी लिहिलंय, कुठलं आहे, अजून आहे का. दुपारी दुकानात पाठीमागं काही हललं की ती एकदम वळायची. मग स्वतःवरच चिडायची.

मिरगाच्या आधी ‘दावण’वर प्रश्न आला.

“घर पडाया झालंय. लेक मला परभणीला न्यायलाय. चांदणी नव्या जागी येईल का? का हितंच उभी ऱ्हाईल?”

माणसांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. जिंतूरच्या एकानं लिहिलं, “म्हैस जागेला धरून असते, शेळी माणसाला. तुमच्या मागं येईल.” परतूरच्या मेंढपाळानं लिहिलं, “जुन्या दाराची माती नव्या दारात टाका. आमी तळ हलवला की असंच करतो.” कुणी लिहिलं, “ताई, एका शेळीचं एवढं काय घेऊन बसलात?” दीपिकानं ते उत्तर काढून टाकलं. पण स्वतःचं उत्तर तिला सुचेना. दोन दिवस ती तो प्रश्न उघडायची आणि मिटायची. खोटा दिलासा द्यायचा नव्हता. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ती बोलली, लिहिलं नाही, म्हणजे बायनाबाईला तिचा आवाज ऐकू जावा. “निघायच्या दिवशी तिला सांगून निघा. कुठं चाललो, कोणत्या वाटेनं, ते मोठ्यानं सांगा. घाई करू नका. आणि मावशी, टेम्पो आमचा न्या.”

वालूरहून सामान हलवलं त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं, पण पाऊस नव्हता. धम्मपाल आला होता. उंच, अबोल माणूस. त्यानं पत्र्याची पेटी, भांडी, गोधड्या चढवल्या. शेळ्या चढवल्या. आई उंबऱ्याखालची माती ओढणीच्या तुकड्यात बांधत होती, ते त्यानं बघितलं. कपाळाला आठी पडली. पण तीच पुरचुंडी आईच्या हातून घेऊन त्यानं घट्ट गाठ मारून दिली.

दार ओढून घ्यायच्या आधी बायनाबाई रिकाम्या खोलीत उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “परभणीला चाललाव. धम्मपालच्या घरला. सेलूवरनं, मोठ्या रस्त्यानं. गॅरेजाच्या मागल्या गल्लीत हाय, हिरवं दार.” भिंतींनी ते शब्द तसेच परत दिले. धम्मपालनं मान खाली घातली होती. त्याच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

बायनाबाई टेम्पोत मागं शेळ्यांजवळ बसली. पुढं बसा म्हटलं तर ऐकेना. शेळ्यांना एका बाजूला सारून तिनं शेजारी एक गोधडी घडी घालून अंथरली आणि त्यावर स्वतः बसली नाही. दीपिका खाली उभी राहून बघत होती. मल्हार मागं आला आणि त्यानं फाळका वर उचलला.

“थांब रे बाबा जरा,” बायनाबाई म्हणाली. “बसू दे.”

मल्हारनं दीपिकाकडं पाहिलं. शेळ्यांनी माना वळवल्या होत्या. त्यानं फाळका पुन्हा खाली सोडला, बाजूला सरकून वाट मोकळी केली आणि उघड्या दाराकडं न बघता, हात बांधून, उभा राहिला. बायनाबाईनं मान हलवल्यावर त्यानं फाळका लावला, कडी घातली आणि गाडी सुरू करायला पुढं गेला.